एककाचं रिकामं घर

बाबांना लकवा मारला तेव्हा उन्हाळा सरत आला होता. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकाच सकाळी गेली. पाय थोडा परत आला. धरून चालवलं तर न्हाणीघरापर्यंत जातात. हात आला नाही. बोलण्याचं मात्र विचित्र झालं. पहाटे दोन तसबिरींपुढे मेणबत्ती लावली की बाबा वंदना म्हणतात, अगदी स्वच्छ, एकही शब्द इकडचा तिकडे न होता. एक, दोन, तीन म्हणायला लावलं की दहापर्यंत म्हणतात, फक्त दहावर थांबत नाहीत, पुन्हा एकपासून सुरू करतात आणि कंटाळा येईपर्यंत म्हणत राहतात. पण तहान लागली तर त्यांना पाणी मागता येत नाही.

वाचा-उपचार करणारी एक मुलगी आठवड्यातून एकदा घरी यायची. चांगली होती बिचारी, बाबांना आजोबा म्हणायची. वंदनेचं मी तिला मोठ्या उत्साहानं सांगितलं, तर तिनं मान हलवली.

"ताई, ते पाठ हाय न, म्हणून आपोआप येते. त्याच्यावरून आजोबाले समजते असं नाई म्हणता येत. समजत नाई असंबी नाई म्हणता येत."

"म्हणजे काय मग?"

"म्हणजे पाहा लागन."

मला तिचा राग आला. पाहण्याशिवाय दुसरं काही मी करतच नव्हते.

ती चित्रांचे पत्ते आणायची. कप, कंगवा, छत्री. "आजोबा, कंगवा दाखवा," म्हणायची. बाबा पत्त्यांकडे बघायचे, मग डाव्या हातानं सगळे एका बाजूला सारून द्यायचे. आता याचा अर्थ काय घ्यायचा? कंगवा म्हणजे काय ते कळत नाही म्हणून सारले, की जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला बालवाडीत बसवलं म्हणून? "तुमची मुलगी आहे का ही?" असं विचारलं तर मान डोलवायचे. "तुमची बहीण आहे का?" तरी डोलवायचे. एकदा त्या मुलीनं "मी तुमची आई का?" म्हणून विचारलं, त्यालाही होकार दिला. ती हसली. मीही हसले, कारण हसायची जागा होती.

त्या महिन्यांत मला काही वाटत नव्हतं. लोक विचारायचे, कशी आहेस, आणि मी बरी आहे म्हणायचे, ते खोटं नव्हतं. दात काढायच्या आधी सुई देतात आणि मग गाल आपला आहे हे फक्त हात लावून कळतं, तसं काहीसं. मी समुद्रपूरला सरकारी ऑफिसात आहे. सिंदी मेघेहून रोज एसटीनं जाऊन-येऊन करायचे, ते बंद करून रजेवर बसले होते. सकाळी उठायचं, बाबांना उठवायचं, अंग पुसायचं, वरणात पोळी कुस्करून भरवायची, उन्हात खुर्ची नेऊन बसवायचं, ऊन सरकलं की खुर्ची सरकवायची. लग्न मी केलेलं नाही. आईला जाऊन बरीच वर्षं झाली. त्यामुळे हे सगळं माझ्याकडे आलं यात कुणाला नवल वाटलं नाही, मलाही नाही.

दादाला मात्र वाटलं. दादा माझ्यापेक्षा मोठा, पुण्याला कंपनीत. दवाखान्यात तोच रडला होता, लहान मुलासारखा, कॉरिडॉरमध्ये भिंतीला डोकं लावून. मी त्याला पाणी आणून दिलं होतं. दिवाळीला आला तेव्हा तो माझ्याकडेच जास्त बघत होता. जाताना म्हणाला, नागपूरला अशा माणसांना सांभाळणारं एक केंद्र आहे, स्वच्छ आहे, नर्स असतात, मी बघून आलो.

"तू सुकून चालली, तुले समजते का?"

मी त्याचा डबा पुसत होते.

"बाबायले समजत असतं तं मी असं बोललो असतो का? आपल्याले काढून दिलं असं वाटलं असतं त्यायले. पण त्यायले हे घर हाय का ते, हेच समजत नाई. तू कोण हाय हे समजत नाई. मग तू काऊन मरून राह्यली?"

"समजते," मी म्हटलं.

"कशावरून?"

वंदनेचं सांगून झालं होतं, त्यावर त्या मुलीनं काय म्हटलं तेही मीच सांगून बसले होते.

"एकदा मले दाखव," दादा म्हणाला. "एकदाच. त्यायले समजते असं दिसलं, तं मी पुन्हा नागपूरचं नाव नाई काढणार. नाईतर डिसेंबरात मी येतो अन् नेतो."

तो वाईट बोलला असं मला तेव्हाही वाटलं नाही. खरं तर काहीच वाटलं नाही. मी त्याच्या डब्यात चिवडा भरून दिला.

दादा गेल्यावर मला बाबांची शाळा आठवली. मुद्दाम आठवायला बसले नव्हते. खुर्ची उन्हात सरकवत होते, आणि फरशीच्या चौकोनातून पुढच्या चौकोनात ती सरकली, तशी ओसरी आठवली.

रोहण्याच्या पलीकडे एका लहान गावात दोन खोल्या आणि एक लांब ओसरी अशी ती शाळा होती. चौथीपर्यंत मी तिथंच, बाबांच्याच वर्गात शिकले. दादाला फार आधीच नागपूरला मामाकडे ठेवलं होतं, चांगली शाळा म्हणून. त्यामुळे बाबांचा मुलगा असून बाबांच्या वर्गात तो एक दिवसही बसलेला नाही.

दहानं गुणायचा धडा आला की बाबा आम्हाला खोलीत बसू देत नसत. ओसरीवर चुन्यानं चौकोन आखायचे. एका टोकाला, पायरीपाशी, एककाचं घर. त्याच्या शेजारी दशकाचं, मग शतकाचं, हजाराचं, आणि पार दुसऱ्या टोकाला खिचडीच्या चुलीजवळ दशहजाराचं. पुठ्ठ्यावर अंक लिहून ते सुतळीनं पोरांच्या गळ्यात अडकवायचे. चार दशकाच्या घरात उभा, सात एककाच्या घरात उभी, झाले सत्तेचाळीस. मग बाबा ओरडायचे, "गुणिले दहा!" की पोरांनी एकेक घर पुढं सरकायचं. पण सगळ्यांनी एकदम नाही. मोठ्या घरचा आधी. चार शतकात गेला, त्याचं घर मोकळं झालं, की सातनं दशकात यायचं. घाई केली की धक्काबुक्की व्हायची, आणि बाबा सगळ्यांना परत पाठवायचे. सगळे सरकले की एककाचं घर रिकामं राहायचं. तिथं शून्यानं जाऊन बसायचं. शून्यानं उभं राहायचं नाही, बसायचं, असा नियम होता.

भागाकारात सगळं उलट. शून्य सगळ्यात आधी उठून बाहेर, मग लहान घरचा आधी, मग मोठा. आणि एककाच्या घरात शून्य नसून दुसराच कुणी असला, म्हणजे सत्तेचाळीसला दहानं भागायचं असलं, तर सातला घरच उरायचं नाही. तो पायरीवरून मैदानात उडी मारायचा आणि तिथून ओरडायचा, "बाकी सात!" ही उडी मारायला मिळावी म्हणून पोरांची भांडणं होत.

शून्य नेहमी मी. कधीतरी दुसऱ्याला मिळेल असं नाही, कायम मीच. शंभरनं गुणलं की दोन घरं रिकामी पडायची, तेव्हा दुसरं शून्य लागायचं, ते रोज बदलायचं. मी बदलत नसे. भिंतीशी, खिडकीखाली, गळ्यात तो गोल घालून मी बसून राहायचे. बाकीच्यांना बाबा ओरडून हलवायचे. शून्याला ओरडायचं नाही अशी त्यांची पद्धत होती. माझ्याकडे तळवा धरून हात वर करायचे, म्हणजे थांब. सगळे आपापल्या घरात पोचले, कुणाचा पाय रेघेवर नाही ना हे पाहून झालं, की तोच हात खाली घेऊन दोन बोटं वाकवायचे. म्हणजे ये.

पोट्टे मला भोपळा म्हणायचे. शाळा सुटली की बैलगाडीच्या रस्त्यानं मागून "भोपळा, भोपळा" करत यायचे. मी घरी येऊन रडले तेव्हा आईनं बाबांना विचारलं, "अन् पोरीले रोज शून्यच काऊन देता? दुसरा आकडा नाई का तुमच्यापाशी?"

बाबा पेपर वाचत होते. म्हणाले, "तिले बसता येते."

एवढंच. मी आईच्या पदरात तोंड घालून आणखी रडले. बसता येते हे काय कौतुक झालं? आमची कोंबडीही बसायची.

एक गोष्ट मात्र बाबांना अजिबात खपत नसे. "मागे शून्य चिकटवायचं" असं कुणी म्हटलं की त्यांचं डोकं फिरे. बाकी माणूस शांत. लग्नकार्यात वरण खारट झालं तरी बोलणार नाहीत. पण एकदा तपासणीला साहेब आले आणि पोरांना म्हणाले, दहानं गुणायचं तर त्यात काय एवढं, मागे एक शून्य चिकटवा, संपलं. बाबा उठून उभे राहिले.

"साहेब, शून्य काय टिकली हाय का, चिकटवाले?"

साहेब म्हणाले, उत्तर तर बरोबरच येतं ना मास्तर.

"आज बरोबर येते. उद्या ह्याच पोट्ट्याले कोणी अडीच गुणिले दहा विचारलं, तं तो दोन पूर्णांक पाचच्या मागे शून्य चिकटवीन. अडीचाचे अडीचच राहतीन. एककाच्या पलीकडे पूर्ण संख्येचं घरच नाई, साहेब. शून्य तिथं बसन कुठं, गोठ्यात? शून्य कुठं जात नाई. अंक घर बदलवते. जे घर रिकामं पडते, तिथं शून्य बसते."

साहेबांनी चहा अर्धा ठेवला आणि गेले. आईनं घरी कपाळावर हात मारला. बाबांना काही फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा चुना घेऊन ओसरीवर.

आणखी एक सांगायला हवं. बरोबर गणितावर बाबा कधी तोंड उघडत नसत. पाट्या तपासत रांगेतून जायचे. बरोबर असली तर पाटीकडे पाहिल्यासारखंही न करता पुढं. शाबास नाही, काही नाही. चूक दिसली की मात्र पाय थांबायचे. वर्गात बाबांचे पाय थांबले की आम्हाला कळायचं, कुणाचं तरी चुकलं.

तर हे सगळं आठवलं आणि मी कामाला लागले. आशा वाटली म्हणून नाही. दादा डिसेंबरात येणार होता आणि हातात दुसरं काही नव्हतं. भिंतीवरच्या कॅलेंडरचे जुने महिने फाडून तारखांचे मोठे आकडे कापले, औषधांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर डकवले. शून्यासाठी दहा, वीस, तीस या तारखा तोडाव्या लागल्या. कॅलेंडरात सुटं शून्य कुठंच नसतं. जेवायचा पाट घेऊन त्यावर खडूनं चार घरं आखली, हजार, शतक, दशक, एकक, आणि तो पाट बाबांच्या खुर्चीच्या दोन हातांवर आडवा ठेवला.

"बाबा, सत्तेचाळीस गुणिले दहा."

बाबांनी पाटाकडे पाहिलं. मग गेटाकडे पाहिलं. मग "एक, दोन, तीन" सुरू केलं.

मी चार सरकवला, मग सात सरकवला, मग एककाच्या घरात शून्य ठेवलं. अगदी त्यांच्या रीतीनं, मोठ्या घरचा आधी. बाबा मोजत होते. दहा झाले, पुन्हा एक. मी चारशे सत्तरला दहानं भागून दाखवलं, आधी शून्य उठवलं, मग सात परत, मग चार परत. बाबांची मान छातीवर आली. झोपले.

असं मी रोज करत गेले. थंडी पडायला लागली, बाजारात तुरीच्या शेंगा आल्या. शेजारच्या काकू सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे, आणून द्यायच्या आणि पाटाकडे बघून म्हणायच्या, "काय वो, आता म्हातारपणी शाळेत घालून राह्यली का त्यायले?" मी शंभरनं गुणून दाखवलं, हजारनं गुणून दाखवलं, सगळी गणितं नीट, कुठं चूक नाही. बाबांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग एक दिवस मी पाट उचलून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीला लावून ठेवला आणि पुन्हा काढला नाही. वाईट वाटायला हवं होतं. मी सोले निवडत बसले.

दादा शनिवारी आला. नागपूरच्या केंद्राची गाडी सोमवारी सकाळी येणार असं ठरलं होतं. बॅग त्यानंच भरली. स्वेटर, मफलर, धोतरं, औषधांचा डबा, आणि सगळ्यात वर, रुमालात गुंडाळून, दोन तसबिरींतली लहान तसबीर. मला विचारलं, "आणखी काही?" मी म्हटलं, "टॉवेल." त्यानं टॉवेल ठेवला. आम्ही दोघं असे वागत होतो जणू बाबा कुणाच्या लग्नाला चालले होते.

रविवारी दुपारी बाबा समोर ओसरीत उन्हात बसले होते, शाल पांघरून. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तुरीच्या शेंगा सोलत होते, तिथून ओसरी दिसते. दादा पाणी प्यायला आत आला आणि त्याला कोपऱ्यातला पाट दिसला.

"हे काय होय वो?"

"बाबांच्या शाळेतला खेळ. मी करून पाह्यला."

"मंग?"

"काही नाई."

तो पाट आणि आकड्यांचा डबा घेऊन बाहेर गेला. त्याला कदाचित शेवटचं एकदा करून बघायचं असेल, कदाचित नुसतं बाबांजवळ बसायला निमित्त हवं असेल. त्यानं पाट खुर्चीच्या हातांवर ठेवला, समोर मोडा ओढून बसला, आणि चार दशकाच्या घरात, सात एककाच्या घरात मांडला. घरांवर मी खडूनं नावं लिहिली होती, म्हणून तेवढं त्याला जमलं.

"बाबा, हे पाहा. सत्तेचाळीस. गुणिले दहा. किती?"

बाबांनी सुरू केलं, "एक, दोन, तीन..."

"नाई, तसं नाई. दहानं गुणाचं."

"चार, पाच..."

"अहो सोपं हाय बाबा," दादा म्हणाला. "मागे शून्य चिकटवलं का झालं. हे पाहा." त्यानं डब्यातून शून्य काढलं आणि सातच्या पुढं ठेवलं. घरांच्या बाहेर, शेवटच्या रेघेच्या पलीकडे, पाटाच्या नुसत्या लाकडावर. "चारशे सत्तर."

बाबा सहावर थांबले.

मी हातातली शेंग तशीच धरून उभी राहिले. इतक्या महिन्यांत बाबा मध्येच कधी थांबले नव्हते. थकून आवाज विरायचा, झोप यायची, पण सहा म्हणून झाल्यावर सात न म्हणता थांबले असं झालं नव्हतं.

शालीतून त्यांचा डावा हात बाहेर आला. त्या हातानं त्यांनी ते शून्य पाटावरून ढकलून दिलं. ते फरशीवर पडलं, खुर्चीखाली गेलं.

"पाह्यलं?" दादा माझ्याकडे वळून म्हणाला. "फेकून देते. पत्तेबी असेच फेकते म्हणत होती न तू."

बाबांचा हात परत शालीत गेला नव्हता. तो पाटावर होता. एक बोट चारवर टेकलं होतं. डाव्या हातानं त्यांनी जन्मात कधी खडू धरलेला नाही, बोट थरथरत होतं, पुठ्ठा रेघेवर अडकून वाकला. त्यांनी तो पुन्हा दाबला आणि शतकाच्या घरात ढकलला. नीट घराच्या मध्ये येईपर्यंत ढकलत राहिले. मग बोट सातवर आलं. सात दशकाच्या घरात.

एककाचं घर रिकामं झालं.

दादा पुढं वाकला. डब्यातून दुसरं शून्य काढून तो त्या घरात ठेवायला गेला, तर बाबांनी हात उचलला. तळवा पुढं. दादाचा हात हवेतच राहिला. बाबांनी तो हात तसाच धरून मान वळवली. ओसरीकडून आत, दाराकडे, जिथं मी भिंतीला टेकून उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात खाली घेतला आणि दोन बोटं वाकवली.

मी गेले. खुर्चीखाली हात घालून पडलेलं शून्य शोधलं, धूळ पुसली, एककाच्या घरात ठेवलं. आणि बाबांच्या पायांशी फरशीवर बसले, कारण शून्यानं उभं राहायचं नसतं.

मला रडू आलं असं लिहायला बरं दिसलं असतं. नाही आलं. आधी राग आला, सणसणून, इतका की कान तापले. एवढे दिवस मी या माणसापुढे बरोबर गणितं मांडत बसले होते. बरोबर, रोज, न चुकता. त्यांच्या वर्गात चार वर्षं बसून मला एवढं कळू नये! राग ओसरला तशी कोपराजवळची फरशी गार आहे हे मला कळलं. थंडी वाजत होती आणि ती माझीच होती.

"बाबा," दादा म्हणाला.

बाबांचं लक्ष पाटावर होतं. चारला त्यांनी हजाराच्या घरात ढकललं. सातला शतकात. मग माझं शून्य, तेही दशकात. पुन्हा एकदा दहानं गुणलं होतं. एककाचं घर पुन्हा रिकामं. मी सवयीनं डब्याकडे हात नेला, तर तळवा माझ्यासमोर आला. थांब. तू बसलेली आहेस.

मग त्यांनी दादाकडे पाहिलं आणि दोन बोटं वाकवली.

दादाला ती खूण माहीत नव्हती. तो आपला बघत राहिला.

"तुले बोलावून राह्यले," मी म्हटलं.

"मले? काऊन?"

"घर रिकामं हाय."

त्याच्या हातात ते दुसरं शून्य अजून होतंच. त्यानं ते एककाच्या घरात ठेवलं. जरा तिरपं पडलं, तर पुन्हा उचलून सरळ ठेवलं. चार हजार सातशे. मग माझ्याकडे बघून विचारलं, "आता?"

"आता बस. खाली."

दादा मोड्यावरून उतरून माझ्याशेजारी फरशीवर बसला. त्याला मांडी घालता येत नाही आताशा, पाय एका बाजूला घेऊन बसला. तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. त्यानं काढून पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "गाडीवाला हाय. उद्याचा पत्ता विचारत असन."

फोन वाजत होता. बाबांनी हात वर केला, तळवा दादाकडे.

ही खूण आता त्याला माहीत होती. तो थांबला.